गाडी दुपारी दोन वाजताही बघा

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहतो. पहिलीच चारचाकी घ्यायची आहे, जुनी सेडान. बजेट सव्वापाच लाख. महिन्याला आठशे-नऊशे किलोमीटर फिरणं होईल. वडिलांची बायपास झाली आहे, त्यांना दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी पुण्याला न्यावं लागतं. दोन गाड्या बघून ठेवल्या आहेत. एक इथल्या डीलरकडची २०१६ ची होंडा सिटी. पेट्रोल, पुणे पासिंग, सेकंड ओनर, मीटरवर ५८ हजार, किंमत ५ लाख २५ हजार. डीलर म्हणतो, "डॉक्टरांची गाडी आहे, घर ते दवाखाना एवढीच फिरली." दुसरी कलबुर्गीच्या एका गृहस्थांची २०१७ ची टोयोटा इटिऑस डिझेल, १ लाख १० हजार किलोमीटर, ४ लाख. मेहुणे म्हणतात, होंडा-टोयोटा डोळे झाकून घ्या. पण वडील गाडीत असताना रात्री भिगवणजवळ गाडी बंद पडली तर, या विचाराने झोप लागत नाही. भरवशाची गाडी ओळखायची कशी?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर :

मेहुण्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. सिटीचं हे मॉडेल जानेवारी २०१४ मध्ये आलं. तिच्या १.५ लिटर पेट्रोल इंजिनाला टायमिंग चेन आहे, ठरावीक किलोमीटरनंतर बदलावा लागणारा पट्टा नाही. इटिऑस २०१० च्या अखेरीस आली आणि २०२० मध्ये बंद झाली, पण तिचं इंजिन दणकट म्हणूनच ओळखलं जातं. दोन्ही गाड्या कारखान्यातून चांगल्याच बाहेर पडल्या. प्रश्न त्यानंतरच्या वर्षांचा आहे. एकाच दिवशी तयार झालेल्या दोन सिटी घ्या. एकीचं ऑइल दर दहा हजारांना बदललं गेलं, दुसरीचं आठवण झाली तेव्हा. एकीत इंजिन थंड ठेवणारं कूलंट होतं, दुसरीत बोअरचं पाणी. आज त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत आणि बोनेटवरचा बिल्ला यातलं काहीच सांगत नाही. म्हणून कंपनी कोणती हा प्रश्न आता बाजूला ठेवा आणि समोरच्या या एका गाडीची चौकशी करा.

आधी इटिऑसबद्दल, कारण ती माझ्या मते सोडून द्यावी. महिन्याला नऊशे किलोमीटरसाठी डिझेल परवडत नाही. इंधनात जे वाचेल ते एकदा इंजेक्टर किंवा टर्बोचं काम निघालं की निघून जातं, शिवाय गावातल्या छोट्या फेऱ्यांत डिझेल इंजिनाचा ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, काजळीने भरत जातो. दहा वर्षांनी डिझेल गाडी भंगारात काढावी लागते, असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल तर तो नियम दिल्ली परिसराचा आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. खरी अडचण पासिंगची आहे. कर्नाटकची गाडी बारा महिन्यांहून जास्त महाराष्ट्रात ठेवायची तर इथे नव्याने नोंदवावी लागते. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी लागते आणि इथला कर भरावा लागतो. तो भरल्यावर ४ लाखांची गाडी ४ लाखांची राहत नाही. आणि इटिऑस टॅक्सी म्हणून मोठ्या प्रमाणावर चालली. तरीही मोह झालाच, तर आरसीवर वाहनाचा वर्ग 'मोटार कार' आहे की 'मोटार कॅब', आणि पूर्वी कॅब असून नंतर खासगी करून घेतली आहे का, एवढं आधी बघा.

आता सिटी. डॉक्टरांची गाडी हे वाक्य जुन्या गाडीच्या बाजारात इतक्या वेळा ऐकू येतं की त्याला पुरावा मागायलाच हवा. पुरावा म्हणजे सर्व्हिस हिस्टरी. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या संगणकात गाडीच्या नंबरवर प्रत्येक भेटीची तारीख, त्या दिवशीचं मीटर आणि केलेलं काम नोंदवलेलं असतं. सध्याच्या मालकाला सोबत घेऊन किंवा त्यांच्याकडून ती मागवा. डीलर "मालक बाहेरगावी आहेत" म्हणाला तर मालकांशी फोनवर बोला. मालकाचा नंबरच मिळत नसेल तर मी त्या गाडीपुढे थांबणार नाही.

हिस्टरीत आकडे चढत गेलेले दिसले पाहिजेत. २०२० ला ६४ हजार आणि आज ५८ हजार असं दिसलं, तर मीटर मागे फिरवलेलं आहे आणि विषय तिथेच संपला. गाडी पुणे पासिंग आहे म्हणून एक हिशेब करा. सोलापूर-पुणे एका बाजूने साधारण अडीचशे किलोमीटर. पुण्यात नोकरी आणि घर इकडे असलेला माणूस दर शनिवार-रविवारी ये-जा करत असेल तर आठवड्याला ५००, वर्षाला २५ हजार किलोमीटर होतात. इथे मीटर सांगतं की गाडी वर्षाला जेमतेम सहा हजार चालली. अशक्य नाही, पण मग गाडीच्या अंगावरही तेवढीच झीज दिसायला हवी. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलेली, स्टिअरिंग गुळगुळीत, क्लच पेडलचं रबर घासून सपाट झालेलं असेल तर ती ५८ हजारांची झीज नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सगळे टायर दोनदा बदललेले निघाले, तर ५८ हजारांत एवढे टायर का लागले, हे विचारा.

किलोमीटर जास्त असणं हा दोष नाही, हे मात्र मनापासून सांगतो. हायवेवर एका लयीत पळालेलं इंजिन गावातल्या क्लच-ब्रेकमध्ये तेवढंच चाललेल्या इंजिनापेक्षा कमी झिजतं. पूर्ण हिस्टरी असलेली ९५ हजारांची सिटी आणि एकही कागद नसलेली ५८ हजारांची सिटी यांत मी पहिली निवडेन. वडिलांना घेऊन जायचं असेल तर नक्कीच.

विम्याची कागदपत्रं लोक फक्त मुदत बघायला उघडतात. त्यात 'नो क्लेम बोनस'चा टक्का लिहिलेला असतो आणि तो बरंच काही सांगतो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्के होतो, क्लेम घेतला की शून्यावर येतो. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. त्यामुळे सध्याच्या मालकांनी अलीकडेच गाडी घेतली असेल तर शून्य दिसणं स्वाभाविक आहे. पण चार वर्षं त्यांच्याच नावावर असूनही शून्य असेल तर क्लेम कशाचा होता, ते विचारा. एमपरिवहन ॲपवर आरसी, विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा दिसतो, प्रलंबित ई-चलन वेगळं तपासा. इंजिन आणि चॅसी नंबर गाडीवर स्वतःच्या डोळ्यांनी वाचून आरसीशी ताडून बघा, डीलरने दाखवलेल्या फोटोवरून नको. तोच चॅसी नंबर होंडाच्या वेबसाइटवर टाकून एखादा रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावणं, बाकी आहे का, तेही बघा. तकाता कंपनीच्या एअरबॅगचे इन्फ्लेटर, म्हणजे ती फुगवणारे भाग, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतात, म्हणून जगभर गाड्या परत बोलावल्या गेल्या. भारतात होंडा आणि टोयोटाच्याही जुन्या गाड्या त्यात होत्या. सगळ्या मॉडेलना ते लागू नाही, पण रिकॉलचं काम फुकट होतं, तेव्हा बघून घ्यावं.

पुराची तपासणी आपल्या भागात आता वगळता येणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने माढा, मोहोळ, उत्तर सोलापूरची गावं पाण्याखाली गेली. त्याआधी ऑक्टोबर २०२० ला पंढरपुरात चंद्रभागेने, २०१९ आणि २०२१ ला सांगली-कोल्हापुरात कृष्णा-पंचगंगेने तेच केलं. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन, सुकवून, सीट कव्हर बदलून कुठे ना कुठे विकल्या जातात. अशी गाडी घेतल्या दिवशी चालते. सहा महिन्यांनी वायरिंगच्या कनेक्टरना हिरवा गंज चढतो आणि मग ती कुठेही, कधीही बंद पडते. नेमकं तुम्हाला नको असलेलं तेच. म्हणून सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गुंडाळीतल्या भागावर गाळाचा डाग राहतो. डिकीतला गालिचा उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात माती किंवा गंज आहे का पाहा. सीटखालच्या पट्ट्या आणि बोल्ट गंजलेत का, डॅशबोर्डखाली हात घातल्यावर बारीक रेती लागते का, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का, तेही बघा. काचा बंद करून आत दहा मिनिटं बसा. कुबट वास परफ्यूमने फार वेळ दबत नाही.

अपघाताच्या बाबतीत बंपर किंवा दरवाजाच्या टचअपला घाबरू नका, नऊ-दहा वर्षांत ते होतंच. भीती आहे ती सांगाडा वाकलेल्या गाडीची. बोनेट उघडा आणि मडगार्डचे, बोनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघा. पाना लागून रंग उडाला असेल तर तो भाग कधीतरी काढलेला आहे. मग रेडिएटरची पट्टी, दारांचे खांब, डिकीची फ्लोअर निरखून पाहा. कारखान्याचं सीलंट आणि वेल्डिंगचे ठिपके एकसारखे असतात, हाताने केलेलं काम लपत नाही. डेंटिंगवाल्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र असेल तर फारच उत्तम. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो आणि ५०० च्या वर आकडा गेला तर खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. दरवाजावर लांबी असेल तर किंमत कमी करून घ्या. खांबावर किंवा छतावर असेल तर गाडी घेऊ नका.

आता ज्या गोष्टीसाठी हे उत्तर लिहितोय ती. गाडी दोनदा बघा. एकदा सकाळी थंड असताना आणि एकदा दुपारी दोनच्या उन्हात.

सकाळी जायचं ते डीलरला आधी सांगून की इंजिन चालू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बोनेटला हात लावा. कोमट लागला तर परत या आणि दुसऱ्या दिवशी जा. इंजिनाचे बरेचसे रोग थंड स्टार्टलाच बोलतात. सेल्फ किती वेळ घेतो, पहिल्या काही सेकंदांत चेनचा खडखडाट येतो का, मागे धूर कसा आहे? निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरी वाफ थोडा वेळ चालते, पण इंजिन गरम झाल्यावरही ती येतच राहिली आणि गोडसर वास आला तर कूलंट सिलिंडरमध्ये उतरतंय. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढून बघा. तिथून भकाभक धूर आला तर मिस्त्री ज्याला "इंजिन बॅक मारतंय" म्हणतात ते हेच. पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, दर पाडून घेण्यात अर्थ नाही.

इग्निशन चालू करताच चेक इंजिन, एबीएस, एअरबॅग हे सगळे दिवे आधी लागले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. एखादा दिवा लागलाच नाही तर तो काढून टाकलेला असू शकतो. न विझणाऱ्या दिव्यापेक्षा हे वाईट, कारण ते मुद्दाम केलेलं असतं.

दुपारची तपासणी सोलापुरात सकाळच्या तपासणीपेक्षाही मोलाची आहे. एप्रिल-मेमध्ये आपला पारा चाळिशीच्या वर असतो. पुण्यात ठीक चाललेली गाडी इथे आल्यावर तापते, त्याचं कारण बहुतेकदा रेडिएटरमध्ये असतं. कूलंट कमी झालं की लोक बोअरचं पाणी ओततात. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचत जातात आणि उष्णता बाहेर पडण्याची वाट अरुंद होते. डिसेंबरमध्ये काही कळत नाही. मे महिन्यात एसी लावून सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी थांबली की तापमान चढू लागतं. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो, त्यामुळे एसीची उष्णताही त्याच्याच अंगावर येते. चालकाने तशीच गाडी दामटली तर इंजिनाच्या वरच्या भागाखालचं (हेडखालचं) गॅस्केट जातं, हेड वाकतं आणि पाणी ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला तर हे आधीच घडून गेलंय, असं समजा.

म्हणून दुपारी गाडी घ्या, एसी पूर्ण लावा आणि नवी पेठ किंवा अशाच गर्दीत वीस मिनिटं हळूहळू फिरा. मग सावली न शोधता उन्हातच उभी करून आणखी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा. फॅन मध्येमध्ये जोरात फिरून थांबला पाहिजे. उभ्या गाडीतही एसीचा गारवा टिकला पाहिजे. चालताना गार आणि थांबल्यावर कोमट, असं होत असेल तर फॅन किंवा कंडेन्सर थकलेला आहे. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, फक्त गरम झाल्यावर लाल दिवा लागतो. तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. सोबत गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर असेल तर कूलंटचं तापमान थेट दिसतं. ते ८५ ते १०० अंशांच्या आसपास राहायला हवं. रेडिएटरचं झाकण गरम इंजिनावर चुकूनही उघडू नका. ते सकाळी थंड असतानाच उघडून बघायचं. आत स्वच्छ रंगीत कूलंट हवं. विटकरी, गढूळ पाणी निघालं तर डीलर काहीही म्हणो, गाडीची काळजी घेतली गेलेली नाही.

स्कॅनर कुणीतरी आणेलच, तर फक्त फॉल्ट कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाड, बघून थांबू नका. विकण्याआधी कोड पुसून टाकणं सोपं असतं. कोड नुकतेच पुसले असतील तर गाडीच्या आतल्या चाचण्या अपूर्ण दाखवतात, चांगला मिस्त्री ते ओळखतो.

चालवून बघणं तुम्हाला जमेलच. मोहोळच्या दिशेने हायवेला काढा. ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग सैल धरल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, ब्रेकला थरथर येते का? चौथ्या गिअरमध्ये चाळीसला असताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट गेली. सेडानचं पोट खाली असतं, म्हणून तपासणीच्या शेवटी गाडी लिफ्टवर घ्या आणि ऑइल चेंबरला स्पीडब्रेकरचा मार आहे का, ॲक्सलचे बूट (रबरी आवरणं) फाटलेत का, लोअर आर्मचे बुश कसे आहेत ते बघून घ्या. यासाठी मिस्त्री तुमचा हवा, डीलरने सुचवलेला नको, आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. शॉकअप, बुश, टायर, बॅटरी ही खर्चाची कामं आहेत, धोक्याची नाहीत. ती किमतीतून वळती करून घ्या.

बजेट सव्वापाच लाख आहे आणि गाडीही सव्वापाच लाखांची, इथे मला अडचण दिसते. चाळीस-पन्नास हजार हाताशी ठेवून गाडी घ्या, म्हणजे ती पावणेपाचला मिळाली पाहिजे. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, सगळे फिल्टर, बाहेरचे बेल्ट हे घेतल्या घेतल्या बदलायचंच आहे, टायर जुने असतील तर तेही. कर्ज काढून किंमत पूर्ण कराल आणि दुरुस्तीला पैसे उरणार नाहीत, तर चांगली गाडीही वर्षभरात भरवसा गमावते.

व्यवहाराचं थोडक्यात. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, ते बघायला मागा. पैसे बँकेतून द्या. विसारपावतीवर इंजिन आणि चॅसी नंबर लिहून घ्या. ताबा घेताना तारखेसोबत वेळही लिहा, कारण त्याआधीचं चलन किंवा अपघात तुमच्यावर येता कामा नये. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ते फाइलमध्ये ठेवून देण्याची पद्धत आहे, ती पाळू नका. गाडी लगेच नावावर करा आणि विमाही १४ दिवसांच्या आत बदलून घ्या. दोन्ही किल्ल्या मागा. दुसरी किल्ली नसेल तर ती कुठे आहे, याचं पटेल असं उत्तर मिळायला हवं.

तर माझं मत असं. सिटीची हिस्टरी मिळाली, आकडे चढते निघाले, सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा ती नीट वागली आणि किंमत खाली आली, तर घ्या. हिस्टरी मिळाली नाही पण बाकी सगळं उत्तम असेल, तर महिनाभर थांबून दुसरी सिटी, सियाझ किंवा पेट्रोल डिझायर शोधा. या गाड्या बाजारात येत राहतात. आजच टोकन दिलं नाही तर गाडी जाईल, असं डीलर म्हणेल. जाऊ द्या.

गाडी घेतलीत तर सर्व्हिस करून आधी महिनाभर गावात आणि तालुक्यात फिरवा. मग वडिलांना न घेता एकदा टेंभुर्णी-इंदापूरपर्यंत जाऊन या, एसी लावून, भर दुपारी. परत आल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी थंड इंजिनावर कूलंट आणि ऑइलची पातळी मोजा. दोन्ही जाण्याआधी जिथे होत्या तिथेच असतील, तर पुण्याच्या पुढच्या तपासणीची तारीख घ्यायला हरकत नाही.